टेबलावर नसलेल्या खेळाडूचे फासे

ताई : ते पुस्तक खाली ठेव आणि माझ्याकडे बघून बोल.

भाऊ : बघतोच आहे. पान अठ्ठ्याऐंशी, तिसरा परिच्छेद. ‘टेबलावर नसलेल्या खेळाडूचे फासे सूत्रधाराने टाकावेत.’ सूत्रधार मी, टेबलावर नव्हतीस तू. यात माझं काय चुकलं?

ताई : गेल्या शनिवारी खेळ चालू असताना मी स्वयंपाकघरात होते. तुझ्याच घरात, तुझ्यासाठीच चहा टाकत होते. कप घेऊन बाहेर येते तर तू म्हणतोस, तुझी नावाडीण बुडाली. अकरा वर्षं तुझ्या गोष्टीच्या खेळात मी ती बाई झाले आणि मी साखर ढवळत असताना तू तिला मारून मोकळा झालास.

भाऊ : तू उठलीस कशाला?

ताई : तू पन्नास मिनिटं पानं चाळत बसलास म्हणून. झालं काय होतं? नावाडीण पाण्यात पडली, एवढंच. तिला पोहता येतं. मी फासे हातात घेतले, तर तू म्हणे थांब. आधी ओल्या कपड्यांचं वजन काढायचं, मग गारठा, मग वारा कुठल्या दिशेचा. सकाळपासून बस चालवून माझे खांदे असे आखडलेले, आणि तू पेन्सिल कानावर ठेवून बेरजा करतोयस. मी उठणार नाही तर काय?

भाऊ : नियम आहेत ते.

ताई : आहेत ना, कपाट भरून आहेत. ऐक, मी डेपोत आज अर्ज दिलाय. शनिवारची दुपारची पाळी मागितली आहे. ती चुकवायला अकरा वर्षं रविवारी पहाटेची पहिली गाडी काढत आले मी, फक्त या टेबलासाठी. उद्या साहेबांची सही झाली की मी सुटले.

भाऊ : म्हणजे धमकी द्यायला आलीस.

ताई : धमकी द्यायची असती तर फोनवर दिली असती. अर्ज उद्या सकाळपर्यंत मागे घेता येतो. घ्यावा की नाही, ते बघायला आले.

भाऊ : ताई, माझं काम काय आहे? लिफ्ट तपासणं. दार बोटभर जरी उघडं राहिलं तरी लिफ्ट हलता कामा नये, असा नियम आहे. कुणीतरी चिरडलं गेलं तेव्हा तो लिहिला गेला. प्रत्येक नियमामागे एक मेलेला माणूस असतो. लोकांना ते दिसत नाही, कटकट तेवढी दिसते.

ताई : आणि तुझ्या कपाटातल्या प्रत्येक पुस्तकामागे एक निघून गेलेला माणूस आहे.

भाऊ : काहीतरीच.

ताई : काहीतरीच? आपण सुरू केलं तेव्हा एकच पुस्तक होतं. बत्तीस पानं, मधोमध दोन पिना. तू गोष्ट सांगायचास, आम्ही सहाजण त्या गोष्टीतली माणसं व्हायचो, अडलं की फासे टाकायचे. मग औषधवाला गोष्टीत वैद्य होता, त्या वैद्याला तू साप चाववलास. तो म्हणाला, हे तू मनानेच ठरवलंस, पुस्तकात कुठंय? आणि तरातरा निघून गेला. तू काय केलंस? त्याचं दुकान या गल्लीच्या कोपऱ्यावर आहे. गेलास?

भाऊ : पुन्हा तसं होऊ नये म्हणून तर नियमांची पुरवणी मागवली.

ताई : जखमा आणि विषं. एकशे चाळीस पानं. मग मास्तर अंधारात बाण लागल्यावरून भांडले, तर अंधार-उजेडाची पुरवणी आली. त्या दोघी जुळ्या गेल्या सामानाच्या भांडणावरून, म्हणून आता पाठीवर तांब्या घेतला तरी त्याचं वजन मांडायचं. वायरमन तर बिचारा भांडलासुद्धा नाही. मला जिन्यात म्हणाला, ताई, मला आता यातलं काही कळत नाही. त्याच्यानंतर हवामानाची घेतलीस. का, ते तुझं तुलाच ठाऊक.

भाऊ : त्याला पाऊस कधी पडतो ते सांगता यावं म्हणून. तो नेहमी विचारायचा.

ताई : तो गेल्यावर.

भाऊ : तुला काय वाटतं, मला हौस आहे? मी मनाने ठरवलं की माझ्यावर खापर फुटतं. पुस्तकातून वाचून दाखवलं की कुणी तोंड उघडत नाही.

ताई : तोंड उघडत नाही, चपला शोधतात. आणि ही पाचवी? टेबलावर कसं वागायचं, ही? ही कुणासाठी? तेव्हा जायला उरलं होतं कोण?

भाऊ : सोड ना.

ताई : सोडत नाही. कधी घेतलीस?

भाऊ : मार्चमध्ये. तू सारखी घड्याळाकडे बघायला लागली होतीस. मला वाटलं, काहीतरी चुकतंय, ते कुठेतरी लिहिलेलं असेल.

ताई : मला विचारायचं होतंस.

भाऊ : विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस.

ताई : मग?

भाऊ : मग काय. भीती वाटली.

ताई : हे बघ. सगळी पुस्तकं मिट. मी आत्ता टेबलावर आहे, कुठे जात नाही. नदीला पाणी आहे, नावाडीण पाण्यात आहे. फासे नकोत, वजन नको. तू सांग. ती बुडाली का?

(भाऊ पुस्तक मिटतो.)

भाऊ : वाचली.

ताई : कशी वाचली?

भाऊ : वाचली म्हणजे वाचली. काठ जवळ होता.

ताई : खरं सांग. काठ होता तिथे?

भाऊ : नव्हता.

ताई : मग का वाचवलीस?

भाऊ : नाहीतर तू जाशील.

ताई : मग बुडालीच ती.

भाऊ : ताई, आता मी तुझ्या मनासारखं केलं तरी...

ताई : माझ्या मनासारखं कोण मागतंय? तू बुडाली म्हणाला असतास आणि ते तुझं असतं, तर मी आत्ता इथे बसून रडले असते आणि शनिवारी गोष्टीत दुसरंच माणूस होऊन आले असते. तुला नदी दिसतच नाही रे. नुसती आमची तोंडं दिसतात. त्या औषधवाल्याच्या वैद्याला साप चाववलास ना, तो दिवस मला अजून आठवतो. काय सांगितलं होतंस तू! अंगावर काटा आला होता सगळ्यांच्या.

भाऊ : तो निघून गेला.

ताई : गेला. त्याचा राग त्याच्यापाशी. तुझं सांगणं चुकलं नव्हतं.

भाऊ : हे तू आज सांगतेस?

ताई : तेव्हा सांगायला हवं होतं. चुकलं माझं. पण अर्ज मी मागे घेत नाही.

भाऊ : मी शनिवारी चार वाजता टेबल मांडणार आहे. तू ये असं म्हणत नाही मी.

ताई : मांड.

भाऊ : नुसतं मांडून ठेवीन.

ताई : ठेव. खुर्ची एकच ठेव, तुझी. समोर आमची तोंडं नसली तर नदी दिसेल कदाचित.