दोन क्लच आणि बाबांचा डावा पाय

नाही, पण मला एक सांगा, माणसानं वस्तू घेताना प्रश्न विचारायचा की नाही? चप्पल घेताना तुम्ही विचारता ना, शिवलेली आहे की चिकटवलेली? कलिंगड घेताना वाजवून बघता ना? मग गाडी घेताना मी फक्त एवढंच विचारलं, की बाबा रे, हिचा क्लच ओला की कोरडा… तर तो टायवाला सेल्समन माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही मी त्याला त्याच्या सासऱ्याचा रक्तगट विचारलाय! म्हणतो, "सर, सीट लेदरची आहे." अरे, मी सीटवर कुठं गेलो? मी म्हटलं, क्लच, क्लच! तर हसून म्हणतो, "सर, ऑटोमॅटिक आहे ही. क्लच नाहीच. बघा ना, पेडल कुठंय?" एक नाही रे दादा, हिला दोन क्लच आहेत, दोन! तर तो हळूच मॅनेजरला हाक मारायला गेला. मी गिऱ्हाईक आहे की पेशंट, हे त्याला कळेना.

थांबा, असं मधूनच सांगितलं तर तुम्हीही मॅनेजरला बोलवाल. नीट सांगतो.

आमच्या बाबांचा ड्रायव्हिंग क्लास आहे. अख्खं गाव त्यांना मास्तर म्हणतं. आता शिकवणाऱ्याच्या गाडीत काय असतं, की शेजारच्या सीटखालीही दोन पेडल बसवलेली असतात, एक क्लच, एक ब्रेक. शिकणारा गडबडला की मास्तर त्यांवर पाय हाणतो. तुम्हाला सांगतो, बाबांनी डाव्या पायानं जेवढा क्लच दाबलाय ना, तेवढी लोकांनी आयुष्यात दाराची बेल दाबलेली नसते. आणि तो नुसता क्लच नाही हं, ते त्यांचं तत्त्वज्ञान आहे. नवीन विद्यार्थी आला की पहिलं वाक्य ठरलेलं, "ज्याला हाफ क्लच समजला, त्याला संसार समजला. पूर्ण दाबायचा नाही, पूर्ण सोडायचा नाही!" आणि आई आतून ओरडणार, "आधी घरातला समजून घ्या!"

तर झालं असं, की त्या क्लचपायी बाबांचा डावा गुडघा गेला. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला आणि स्पष्ट सांगितलं, "मास्तर, क्लच ठेवा नाहीतर गुडघा ठेवा."  क्लास बंद करायचा म्हणजे काय, तुम्हीच सांगा. हा माणूस सुट्टीच्या दिवशीसुद्धा जेवताना ताटाखाली पाय हलवतो!

आणि नेमका तेव्हाच मी परदेशातून शिकून परत आलेलो. इतक्या लांब जाऊन काय शिकलो? गिअरबॉक्स! परत का आलो? तर आपल्या माणसांच्या उपयोगी पडायचं म्हणून! विमानात बसल्या बसल्या डोळे पाणावले होते माझे, खोटं कशाला सांगू. आणि इथे उतरतो तर घरातच संधी! मी उभा राहिलो आणि म्हटलं, "बाबा, क्लास बंद होणार नाही. आपण ऑटोमॅटिक घेऊ. दोन क्लचची!"

बाबा म्हणाले, "एकानं गुडघा खाल्ला, आता दोन?"

मग मी स्वयंपाकघरात सगळ्यांना बसवून समजावलं. म्हटलं, बघा, आई आणि काकू. दोघी जावा, म्हणजे दोन क्लच, एकच ओटा. काकूच्या हातात एक, तीन, पाच आणि सात नंबरचा गिअर. आईच्या हातात दोन, चार, सहा. काकू तिसरा चालवतेय, तोवर आईनं चौथा तयार धरून ठेवलेला. काकूनं सोडला, आईनं उचलला, मध्ये क्षणाचीही फट नाही. गाडीला झटकाच बसत नाही! काकू खूश झाली. आई म्हणाली, "आणि एक जण आजारी पडली तर?" मी म्हटलं, मग निम्मे गिअर जातात, उरलेल्यांवर कसंबसं घर गाठायचं. "म्हणजे आपल्या घरासारखंच," आई म्हणाली. मी म्हटलं, आणि या दोघींना हुकूम देणारा एक कंप्युटर असतो. तो बिघडला, तर दोघी धडधाकट असूनही गाडी जागची हलत नाही. काकू म्हणाली, "सासूबाई!" …आजी पलीकडच्या खोलीत होती, म्हणून निभावलं.

आता खरा मुद्दा. हे दोन क्लच दोन तऱ्हांचे असतात. कोरडे म्हणजे हवेत उघडे. हलके, स्वस्त, पेट्रोल कमी पितात, पण तापले की तापले, डोकं थंड व्हायला वेळ लागतो. ओले म्हणजे तेलात बुडवून ठेवलेले. घासले तरी तेल उष्णता वाहून नेतं. पण ते तेल वेळच्या वेळी बदलायचं. कोणी म्हटलं ना, की हे तेल जन्मभर चालतं, तर विचारायचं, कुणाच्या जन्मभर? आणि आपला क्लास म्हणजे काय? शिकाऊ माणूस, मैदानात मुंगीच्या चालीनं, थांब-चल, थांब-चल. म्हणजे आतला क्लच दिवसभर अर्धवट घासतोय! कोरडा असेल तर गेलाच बिचारा. म्हणून मी विचारतो, ओला की कोरडा!

बाबांनी डावा पाय फरशीवर अर्धाच दाबून बघितला. मग म्हणाले, "म्हणजे हाफ क्लच मशीन आपलं आपणच करतं?" मी म्हटलं, हो! "त्याला कुणी शिकवलं?" मी म्हटलं, इंजिनिअरांनी. "त्यांनी कुणाकडे क्लास लावला होता?" 

आईनं बापडीनं विचारलं होतं हं, "अरे, साधी, जुन्या पद्धतीची ऑटोमॅटिक नसते का?" असते. चांगली दणकट असते. पण मी तेव्हा ऐकण्याच्या मनःस्थितीत होतो का? माझ्या अंगात विज्ञान संचारलेलं!

मग सुरू झाली वणवण. एक शोरूम, दुसरं शोरूम, जुन्या गाड्यांचा बाजार. ओला की कोरडा? "सर, छत उघडतं बघा." ओला की कोरडा? "सर, एका डॉक्टरांनी वापरलेली आहे." ओला की कोरडा? "सर, पावसाचं टेन्शनच घेऊ नका, वरून कव्हर फुकट देतो!" शेवटी मी इस्त्रीच्या शर्टात गाडीखाली शिरलो. बाहेर आलो तेव्हा शर्ट गेला होता, पण गिअरबॉक्सवरचा नंबर वाचून हातात सत्य आलं होतं. ओला! अशा आवेशात ओरडलो, की शेजारच्या गाडीजवळ उभं असलेलं एक जोडपं गाडी न घेताच निघून गेलं.

गाडी घरी आली. गॅरेजवाल्यानं बाबांच्या बाजूला पेडल बसवून दिलं. एकच. ब्रेकचं. क्लच आपले आपण चालतात, तर क्लचचं पेडल कशाला? आणि ब्रेक चांगला रुंद, दणदणीत. इथे… इथे माझं सगळं शिक्षण झोपलं होतं.

पहिली विद्यार्थिनी, हेडबाई. म्हणजे आमच्या शाळेच्या रिटायर झालेल्या मुख्याध्यापिका. जुन्या गाडीवर चाचणीत दर वेळी नापास, दर वेळी चढावर गाडी बंद. ज्या बाईंनी निम्म्या गावाला नापास केलं, त्या नापास! म्हणजे विचार करा. त्या स्टिअरिंगवर, शेजारी बाबा, मागे मी. मी सांगायला सुरुवात केली, "बाई, आता आत काय होतंय बघा, पहिला गिअर चालू आहे, पण दुसरा आधीच तयार आहे, आता बदलेल, तुम्हाला कळणारसुद्धा ना…"

धाड्!

गाडी जागच्या जागी गच्च. बाईंचा चष्मा डॅशबोर्डवर, माझं नाक पुढच्या सीटवर. बाबा म्हणाले, "काय झालं?" पुन्हा निघालो. इंजिनाचा आवाज जरा चढला… धाड्! पुन्हा… धाड्!  एवढा ओला बघून घेतला आणि गिअरबॉक्स पहिल्याच दिवशी? मी वाकून पुढे बघतो, तर बाबांचा डावा पाय! अहो, आयुष्यभर इंजिनाचा आवाज चढला, की तो पाय क्लचवर जायचा. आता आवाज चढला, पाय गेला, आणि तिथे क्लच नाही, ब्रेक! आणि क्लच कसा दाबतात? तळापर्यंत!

मी ओरडलो, "बाबा, गिअरबॉक्सला धक्के बसतायत!" हेडबाईंनी काचेच्या कोपऱ्यातून चष्मा उचलला आणि म्हणाल्या, "तुझ्या गिअरबॉक्सचं नाक तरी शाबूत आहे. मास्तर, तो तुमचा डावा पाय वर्गाबाहेर उभा करा."

उपाय काय कमी केले? पायाखाली उशी ठेवली, तो उशीसकट दाबायला लागला. आई म्हणाली, मांडी घालून बसा, तर ऐन वळणावर मांडी सुटली. ब्रेक सरकवून उजवीकडे नेला, तर डावा पाय उजव्याला ओलांडून तिकडे! विद्यार्थी गळायला लागले. एक दाताचे डॉक्टर यायचे, तेही बंद झाले. म्हणाले, धंद्याला बरं आहे, पण माझेच दात आहेत हो.

एका संध्याकाळी मैदानात गाडी उभी, बाबा आत एकटेच बसलेले. मी दारापाशी गेलो. गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "ऐकत नाही रे तो. आणि त्याला रागावू तरी कसा? एवढी वर्षं किती जणांना त्यानंच भिंतीवर जाण्यापासून वाचवलं. माझ्याआधी त्याला कळायचं." आणि हसायला गेले, पण जमलं नाही त्यांना. मी, गिअरबॉक्समधला जाणकार, तिथेच मातीत उकिडवा बसलो. शेवटी म्हटलं, "बाबा, तुम्ही मागे बसा. ब्रेकवर मी बसतो. शिकवायचं तुम्हीच."

आणि जमलं की हो! बाबा मागच्या सीटवर, त्यांच्या पायाखाली नुसता पत्रा. दाबा किती दाबायचंय ते! गुडघ्याची सूज उतरली, आवाज चढला. "बाई, आरशात बघा! बाई, मागून सायकल! बाई, हळू… अजून हळू!" आणि मी पुढे. अधूनमधून संधी साधून सांगायचो, तेल का बदलायचं, कोरडा कधी जळतो, कंप्युटर रुसला तर काय… हेडबाई सगळं शांतपणे ऐकायच्या. मधूनमधून चांगले प्रश्नही विचारायच्या. "आणि तेल बदललंच नाही तर?" "आणि दुरुस्त करणारा या भागात कोण आहे?" मी म्हटलं, एक तरी विद्यार्थी मिळाला! इतक्या लांबून आल्याचं सार्थक झालं!

बाई चाचणीत पास झाल्या. पेढे नाहीत, हार नाही, सरळ म्हणाल्या, "आता गाडी घेते. तू सांगितलेलं सगळं लक्षात ठेवून घेते." मला रात्री झोप नाही, काय सांगू! कोणीतरी शोरूममध्ये जाऊन त्या टायवाल्याला विचारणार, ओला की कोरडा!

परवा आमच्या दारात गाडी आली. आवाज नाही, काही नाही, मांजरासारखी. बाई उतरल्या. मी धावलो, "बाई, ओला की कोरडा?"

बाई म्हणाल्या, "विजेवरची आहे. क्लच नाही, गिअर नाही, तेल नाही. तू इतकं छान समजावून सांगितलंस ना रे, दोन्हींमध्ये काय काय बिघडतं ते… म्हटलं, भानगडच नको."

बाबा तर बाईंच्या शेजारी जाऊन बसलेसुद्धा! खाली वाकून बघितलं. पेडलच नाही त्यांच्या बाजूला. पाय लांब सोडले त्यांनी, कसे? अगदी बागेतल्या बाकावर सोडावेत तसे. आणि मला म्हणतात, "बघतोस काय? चल, मागे बस. बाईंकडून काहीतरी शिकशील."

आता काय करता? …बसलो.