परीक्षकबाईंचे पाय

डेरियन गावच्या चर्चबाहेर तळलेल्या माशांसाठी रांग लागली होती, आणि अमोसकाकांना गप्प उभं राहणं कधीच जमलं नव्हतं.

“मोझेल, सांगतो खरं, पण तुझा विश्वास बसायचा नाही. आमची नात केझाया डॉक्टर झाली!”

“मग माझे गुडघे बघेल का?”

“अगं, विद्यापीठातली डॉक्टर! आपल्या रिंगणावर प्रबंध लिहिलाय तिनं. काल तोंडी परीक्षा झाली, मी तिथंच होतो.”

“आपण प्रार्थनेला घुमतो, त्या रिंगणावर?”

“त्याच! परीक्षक म्हणाले, हा तर नुसता नाच, याला पदवी कशी द्यायची? पोरगी म्हणाली, नाचात पायावरून पाय जातो. आमच्यात पाय आडवा गेला की रिंगणाबाहेर. उठा, करून बघा!”

“उठले?”

“सगळे! मी झाडूच्या दांड्यानं जमिनीवर ठेका धरला. तासभर घुमले. भिंतीवरच्या तसबिरीसुद्धा टाळ्या पिटायला लागल्या!”

“काका, देवाच्या दारात उभे आहात.”

“ऐक तर! मुख्य परीक्षकबाईंचे पाय असे गुंतले, की त्या थेट खिडकीतून बाहेर! तिथूनच ओरडल्या, ‘द्या पोरीला पदवी!’”

पुढच्या निळ्या टोपीवाल्या बाई गर्रकन वळल्या. त्यांना ओळखताच अमोसकाका मोझेलच्या मागे सरकले.

“साफ खोटं! तुमच्या डॉक्टर नातीनं जेवायला बोलावलं म्हणून आले, तर हे ऐकायचं? खिडकी बंद होती. आणि माझा पाय एकदाही आडवा गेला नाही!”