हातावरचा निळा लेप

जबाब, दिनांक २१ नोव्हेंबर २०२५

मी, कौशल्या रामराव होले, वय ५२ वर्षे, धंदा संत्र्याचा बगीचा व भाजीपाला, राहणार मौजे सावरखेडी, तालुका वरूड, जिल्हा अमरावती, आज सकाळी साडेअकरा वाजता ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, मी वरील ठिकाणी मुलगा रोहित, वय २४, याच्यासह राहते. पती रामराव सहा वर्षांपूर्वी वारले. जबाब लिहून घेणाऱ्या हवालदार मंजुषाताईंना मी विनंती केली की माझं बोलणं सुधरवू नका, तोंडातून निघते तसंच लिहा. त्या बरं म्हणाल्या.

पहिले हे लिहा. १८ तारखेले मी तुमच्याच माणसाले दवाखान्यात खोटं सांगतलं. पुंजाजीभाऊ संत्रा तोडता तोडता शिडीवरून पडले, असं म्हणलं होतं. ते पडले नाई. त्याईले माह्या पोरानं मारलं.

पुंजाजीभाऊ, वय ५९, आमच्याकडे एकोणीस वर्षांपासून सालदार आहेत. बगीच्याचं बारा महिन्याचं काम तेच पाहतात. रामराव गेले तवा नातेवाईक तेराव्याचं जेवण करून निघून गेले, अन् हा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याची मोटर सुरू करून उभा होता. मी त्याईले भाऊ म्हणते, ते उगाच नाई.

गेल्या साली रोहित संत्र्याच्या गाडीवर जाऊन राहिला होता. माल घेऊन हैदराबादकडे जायचं अन् खाली करून लगेच वापस. तिथं कोण्या ड्रायव्हरनं त्याले झोप उडवाची वस्तू देली. काचेच्या चुऱ्यासारखी दिसते. रोहित तिले 'आईस', म्हणजे बर्फ, म्हणते; काल डॉक्टर मेथ म्हणाले. त्या ड्रायव्हरचं नाव मले माहीत नाई. असतं तर पहिल्या ओळीत सांगतलं असतं.

मले तवा येवढंच दिसलं का पोट्टा सुधरला. जो आठ वाजेपर्यंत लोळे, तो दिवस उगवाच्या आधी बगीच्यात. दोन माणसाचं काम एकटा करे. जेवाले बोलावलं तर म्हणे, भूक नाई. मी तर गावभर सांगत फिरली, माह्यं पोरगं कामाले लागलं म्हणून. शेजारच्या बेबीताईच्या घरी पेढेही देले. आता आठवलं का स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावं वाटते.

मंग तो उतरत गेला. कमरेच्या पट्ट्याले नवे भोकं पाडा लागले. तीन-तीन दिवस डोळ्याले डोळा नाई, अन् मंग दोन दिवस मेल्यावाणी झोपे. दात काळे पडून तुटाले लागले. मी सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याले दोष देला, अन् पोरगं तर खर्रा खातच नोतं. छाती धडधडते म्हणे, मी गॅस समजून ओवा देला. सांगतलेलं काम घंट्याभरात इसरे. काही बोलाले गेलं का अंगावर येये. "आई, लोकं माह्याकडे काय म्हणून पाहून राहिले?" असं विचारे. रस्त्यावर कुत्रंही नसे.

आता हाताचं सांगते. पावसाळा सरला का आमी संत्र्याच्या बुडाची खराब साल खरवडतो, अन् मोरचूद-चुन्याचा निळा लेप लावतो. झाडाले डिंक्या रोग लागू नये, साल खाणारी अळी आत शिरू नये म्हणून. त्या दिवसात आमच्याइकडे सगळ्याईचे हात कोपरापर्यंत निळे असतात. घासूनही लवकर जात नाई. आमचं काम ऑक्टोबरच्या दुसऱ्या हप्त्यात झालं. माह्ये हात साफ झाले, पुंजाजीभाऊचे झाले, रोहितचा डावा हात निळाच. मी म्हणलं, "अरे आळशा, साबण तरी लाव!" हसून म्हणलं मी. दुसरीकडची बाई असती तर तिनं हात धरून पाहिला असता. आमच्याकडे निळा हात म्हणजे कामाचा माणूस, म्हणून मी पाहिला नाई.

५ नोव्हेंबरले सकाळी नऊच्या सुमारास मी कोठ्यात चारा काढाले गेली. रोहित तिथं बसून होता. हातात साल खरवडाची पटाशी होती. मनगटापासून वरपर्यंत चामडी खरवडून काढली होती, अन् त्यावर तो लेप लावून राहिला होता. मी ओरडली, "अव माय! हे काय करून राहिला रे?" तो म्हणे, "आई, आत अळी आहे. झाडाले लागते न, तशी मले लागली. आतून चालते. तुले दिसत नाई का?" एकदम शांत बोलला, मले शिकवल्यासारखा. अन् बाप्पा, मी खरंच वाकून पाहिलं, अळी दिसते का म्हणून.

मी हात धुतला, हळद भरली, फडकं बांधलं. दवाखान्यात नेलं नाई. लोकं काय म्हणतीन, सोयरीक कशी जुळन, हेच डोक्यात होतं. तेरा दिवस मी गप बसली. ते तेरा दिवस माह्ये आहेत, माह्या नावावर लिहा.

१८ नोव्हेंबर, मंगळवार, दुपारी चारच्या सुमारास बगीच्यात संत्र्याचा तोडा चालू होता. रोहित चार दिवसांपासून झोपला नोता. पुंजाजीभाऊ क्रेट भरून राहिले होते. रोहित येऊन म्हणाला, "बुड्या, अळ्या तूच सोडल्या न माह्या अंगात?" भाऊ म्हणाले, "ये बाळा, बस. पहिले पाणी पे." त्याईनं कॅन पुढे केली. रोहितनं फावड्याच्या दांड्यानं त्याईच्या डोक्यावर डाव्या बाजूले मारलं. दोनदा मारलं. तिसऱ्यांदा उचलला तवा मी दांडा धरला. त्यानं मले ओळखलं नाई. माह्याकडेच पाहून राहिला होता, पण मी कोण हे त्याले समजून नोतं राहिलं. इतकी भीती मले रामराव गेले तवाही नोती वाटली.

भाऊले पिकअपमध्ये टाकून आधी वरूडले अन् मंग अमरावतीले नेलं. रस्त्यात मीच त्याईच्या कानाजवळ म्हणलं, "भाऊ, शिडीवरून पडलो म्हणा." रक्त चालू होतं, तरी त्याईनं मान हलवली. त्याईच्यावर दुसऱ्या कोणाचा दबाव नोता. माहाच होता.

काल, २० तारखेले, दवाखान्यात गोदाबाईनं, म्हणजे पुंजाजीभाऊच्या बायकोनं, मले विचारलं, "वैनी, शिडी कोणत्या झाडाले लावली होती?" भाऊचे गुडघे गेल्यापासून ते शिडीवर चढतच नाई, हे त्या बाईले माहीत आहे. डब्यातली अर्धी भाकर काढून तिनं माह्या हातावर ठेवली. भाऊले डाव्या कानानं आता ऐकू येत नाई.

तिथल्याच डॉक्टरले मी मोबाईलमधला रोहितच्या हाताचा फोटो दाखवला, फडकं बांधाच्या आधी काढलेला. त्याईनं झोपेचं विचारलं, दाताचं विचारलं, भुकेचं विचारलं. जसं काही आमच्या घरात राहूनच पाहिलं, तसं ते सांगत गेले. म्हणाले, अळी नाई, ते मेंदूले होणारे भास आहेत. माणसाले बरं वाटाचं जे रसायन मेंदूत असते, ते ही वस्तू एकाच वेळी सगळं ओतून टाकते. मंग जेवण, झोप, आईची हाक, कशातच गोडी राहत नाई. आठवण जाते, संशय शिरतो. रक्तदाब असा चढते का हृदय बंद पडू शकते, मेंदूतली नस फुटू शकते. फुलं यावे म्हणून आमी झाडाचं पाणी तोडून ताण देतो, तो जास्त झाला तर झाड एका वर्षी फुलानं लदते अन् मंग वाळते. मले ते तसं समजलं. मी विचारलं, "बरा होते का?" म्हणाले, "होतो. पण महिने लागतील, कदाचित वर्ष, दोन वर्षं. सगळंच माघारी येईल असं सांगता येत नाही. एकट्यानं होणार नाही, अन् मारून तर नाहीच."

घरी आली तर रोहितनं पहिलं हेच विचारलं, "तो बुडा कोणत्या वार्डात आहे?" चहा पिता पिता परत विचारलं. आज सकाळी तिसऱ्यांदा विचारलं. म्हणून मी आली.

माह्यं म्हणणं असं का, गुन्हा जो होते तो लिहा, पोरगं माह्यं आहे म्हणून कमी लिहू नका. पुंजाजीभाऊच्या खाटेजवळ माणूस ठेवा. अन् रोहितले नुसतं कोठडीत टाकून दार लावू नका, आधी डॉक्टरकडे न्या. वस्तू बंद झाली का मन इतकं खचते का माणूस जिवाचं बरंवाईट करते, असं डॉक्टर म्हणाले. त्याच्यावर नजर ठेवा. मारू नका त्याले. त्याचा पार हाडाचा सापळा झाला आहे.

वरील सर्व मजकूर मंजुषाताईंनी मला सावकाश, मोठ्याने वाचून दाखवला. मी जे बोलले तेच त्यात आहे, कमीजास्त काही नाही. हा जबाब मी शुद्धीत व राजीखुशीने दिला आहे.

वाचून झाल्यावर राहिलेलं येक सांगते, तेही जोडा. रोहित बाहेर बाकावर बसून आहे. तो यायले तयार नोता. मी त्याले म्हणलं, चाल, पुंजाजीनं तुह्या अंगात अळ्या सोडल्या, त्याची तक्रार देऊन येऊ. तवा त्यानं कितीतरी दिवसांनी आंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला. गाडीवर मांगं बसून म्हणे, "आई, तुले तरी पटलं माह्यं." हे मी त्याच्याशी खोटं बोलली. आता बाहेर गेली का तो मले पहिलं विचारन, लिहिली का त्याची तक्रार.

हेही वाचून ऐकलं. बरोबर आहे.

सही / कौशल्या रामराव होले