तेरावं वटवाघूळ

(पेणजवळचं हमरापूर. गणपतीचा कारखाना, दुपार. बायजा मूर्तींचे डोळे आखते आहे. सून नम्रताच्या पुढ्यात वटवाघळं ठेवलेल्या कापडी पिशव्या, फूटपट्टी आणि लिहून झालेलं पत्र. नम्रताचा नवरा निलेश कामावर निघायच्या तयारीत. नम्रताची तान्ही मुलगी किमया झोळीत झोपली आहे.)

बायजा : म्हंजे ह्या बारा जनी एका जातीच्या, नि ही तेरावी येगळी. व्हय ना?

नम्रता : हो आई. तिसऱ्यांदा सांगते.

बायजा : माझं लक्ष गनपतीच्या डोळ्यात हाय, कान मोकळे हायत. चौथ्यांदा सांग.

नम्रता : आधी शेपूट बघायची. बाकीच्या वटवाघळांची शेपूट पायांमधल्या पडद्यात गुंतलेली असते, ह्यांची अर्धी सुटी, उंदरासारखी. मग ओठ, वरच्या ओठाला चुण्या. मग कान, कपाळावर एकमेकांना जोडलेले. शेवटी कोपर ते मनगट मोजायचं. बारा जणींचं सत्तेचाळीस ते एकोणपन्नास मिलिमीटर. हिचं एक्केचाळीस. शिवाय त्या तपकिरी, ही राखाडी.

बायजा : हिच्या ओठाला चुन्या नायत?

नम्रता : आहेत.

बायजा : कान सुटे?

नम्रता : जोडलेले.

बायजा : नि शेपूट?

नम्रता : सुटी आहे. तुम्ही वकील व्हायला हवं होतं, आई.

बायजा : एका साच्यातला माल वाटतो, म्हनून इचारलं गो. नाव काय देनार? माझं दे. मिठाच्या गोदामात तू भेगा चाचपत होतीस तवा शिडी मीच धरली होती.

निलेश : आये, तुझ्या नावाचं वटवाघूळ झालं तर मला कंपनीत तोंड दाखवायला नको. नम्रता, पत्र दे. तीनची शिफ्ट हाय, त्याआधी वरसेला तुझ्या सरांकडं टाकायचंय.

नम्रता : पाकिटात घालतेच, अहो. सर उद्या वर्गात सगळ्यांसमोर वाचणार आहेत. किमयाच्या वेळी माझं कॉलेजचं वर्ष गेलं, तेव्हा म्हणाले होते, आता तुमचं लक्ष पाळण्यात. उद्या नवी जात वाचू देत, मग बघू काय म्हणतात.

बायजा : थांब. एकदा मला दाव. हात नाय लावत.

नम्रता : हातमोज्यात धरते. ही बघा.

बायजा : पंख उघड. दाराच्या उजेडात धर. आता थोरल्यातली एक काढ, तिचा पन धर.

निलेश : मला कामावर जायचंय आये, मुलगी बघायचा कार्यक्रम नाय हा.

बायजा : तुझ्या येळी मीच बघितली, म्हनून बरी मिळाली. नम्रता, थोरलीच्या बोटांचे सांधे बघ. कसे गाठाळ हायत? माझ्या हातासारखे.

नम्रता : हो.

बायजा : आता ह्या बारकीचे. गाठ कुठाय? सांध्यात आरपार उजेड दिसतो. नि आपल्या किमयाची बोटं बघ. हाय कुठं गाठ?

निलेश : काय झालं? ही परत परत पंख काय बघते?

बायजा : कळलं तिला.

नम्रता : हाडं जुळलीच नाहीत हिची अजून. हे पिल्लू आहे. राखाडी रंगसुद्धा पिल्लाचाच.

बायजा : मी काय म्हनत होते मगाधरनं?

नम्रता : सांध्यांचं सरांनी शिकवलं होतं. त्या दिवशी मी किमयाला लशीला नेलं होतं.

निलेश : मग पत्र?

नम्रता : फाडते. सर मला भर वर्गात हसले असते.

बायजा : फाडतेस कशाला? डोळा चुकला तर मी मूर्ती फोडते काय? पुसते, परत आखते.

नम्रता : मग 'वेगळी जात' खोडते. लिहिते, बारा माद्या आणि एक पिल्लू. म्हणजे गोदामाच्या भिंतीत ह्यांचं बाळंतपण होतं. आई, हे तर सरांनाही ठाऊक नाही.

बायजा : लिव. नि ह्यातली हिची आय कोनती? त्याला काय खूण असते?

नम्रता : काखेतली बोंडं. पाजणारीची उघडी पडलेली असतात, भोवतीचे केस झडून. तशा सात आहेत.

बायजा : सात बाळंतिनी दिसल्या, नि बाळ नाय वळखलंस?

नम्रता : नाही ओळखलं.

निलेश : हे पन पत्रात टाक.

नम्रता : तुम्ही गाडी काढा. सरांनी उशीर का विचारलं तर सांगा, बाळामुळे.

निलेश : ते म्हनतील, बघा, पाळणा.

नम्रता : म्हणू देत. कुणाचं बाळ, ते पत्रात आहे. घ्या.

बायजा : निलेश, गाडी गोदामावरनं घाल. नम्रताला नि ह्या पिशव्या तिथं उतरव. सात जनींतली एक ह्या पिल्लाला शोधत असंल.

नम्रता : आणि किमया उठली तर?

बायजा : तू बस मागं. मी सांगीन तिला, आय दुसऱ्याचं लेकरू घरी सोडायला गेली.