गडग्यापलीकडची पेज

फादर, इनासदादा, आणि वाडीतल्या सगळ्या मंडळींनो,

माइक माझ्या हातात दिलात खरा, पण इथे बोलायचा हक्क मला आहे की नाही, याचीच मला शंका आहे. मी दत्ताराम. रोझबाय आणि तिचा नवरा इनासदादा, यांचा शेजारी. तिच्या आणि माझ्या घरांच्या मध्ये एक दगडी गडगा, बस्स. आज तिच्या आठवणीत जमून सगळे म्हणालात, रोझबाय म्हणजे वाडीतला उजेड होती. खरं आहे. पण त्या उजेडावर सगळ्यात जास्त संशय घेतला तो मी. तिच्या माघारी सांगतोय असं नाही. तिला ते ठाऊकच होतं.

माझी नोकरी गोव्याच्या हद्दीवरच्या इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर. उभा जन्म दुसऱ्यांच्या पिशव्या तपासण्यात गेला. पिशवीत काय, पिशवीखाली काय! कोणी गोड हसलं की मी त्याला हमखास डिकी उघडायला लावायचो. निवृत्त झालो, पण नाका काही डोक्यातून गेला नाही.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा घरात आम्ही दोघंच. बायको आधीच गेलेली. मला चहापलीकडे काही येत नव्हतं. रोझबाय रोज सकाळी गडग्यावरून पेजेचा टोप द्यायची. "आयेक गरम गरम भरय रे." मी हसून घ्यायचो, आणि ती वळली की माडाच्या आळ्यात ओतायचो. का? मला वाटायचं, ह्या पेजेत इगर्जीतलं, चर्चमधलं तीर्थ असणार. आज पेज, उद्या पुस्तक, परवा आईच्या गळ्यात खुरीस, त्यांचा क्रूस! फुकट कोण कोणाला देतो, सांगा? आई बिस्किटं चघळत होती. वाळत चालली होती. तरी मी ओततच होतो.

पकडलं कोणी? तिच्या कोंबड्यांनी. रोज सकाळी गडगा ओलांडून माझ्या माडाखाली हजर. एकदा रोझबाय त्यांच्या मागोमाग आली आणि आळ्यातली शितं बघून उभी राहिली. म्हटलं, मेलो! आता ही वाडी गोळा करणार. पण ती कोंबड्या हाकत गेली.

दुसऱ्या दिवशी सूप घेऊन आली. सुपात कच्चे उकडे तांदूळ. "शिजलेला चलना नाय तर शिधो घे. चवथीक घेतंस मा?" गणपतीत, चवथीला त्यांच्याकडचा नारळ आणि तांदूळ आमच्याकडे यायचाच, आजोबांच्या वेळेपासून. मी काय करावं? तिच्यासमोर त्या तांदळात बोटं घालून तपासले हो! ती हसली. "बघ, बघ. तळाक पण बघ. आणि मगे चूल पेटय."

उंबऱ्याबाहेर बसून तिनं मला पेज करायला शिकवली. पाणी किती, मीठ कधी. झाल्यावर पहिला चमचा तिनं स्वतः तोंडात घातला. म्हणाली, "मीठ बघतंय." मीठ कसलं बघते! मला दाखवत होती. मग तिनंच आत जाऊन आईला उठवून बसवलं आणि भरवलं. आई त्या दिवशी दोन वाट्या प्यायली. त्या दोन वाट्यांची मला आजही लाज वाटते.

मग आई असेपर्यंत ती रोज आली. आणि मी? दाराआड कान देऊन उभा! आता येशूचं नाव घेईल, मग घेईल. "आये, आ कर. आजून एक घास." एवढंच. शेवटी मीच विचारलं, "रोझबाय, खरा सांग. तुका माझ्याकडना काय व्हया?"

ती म्हणाली, "आयतारी इगर्जीत जेजूक हात जोडतंय. येताना तुझ्या आवशीचा कण्हणा आयकू येता. तशीच फुडे गेलंय, तर त्या जोडलेल्या हातांचा काय करू?"

तरी माझा संशय गेला नाही. कधी गेला, सांगू? परवा, तिची पेटी कबरीत उतरताना. आता तिला माझ्याकडून काहीच मिळण्यासारखं नव्हतं, आणि एवढ्या वर्षांत तिनं काही मागितलेलंही मला आठवेना.

इनासदादा, परवापासून तुझ्या पोटात काही नाही. गडग्यापलीकडून सगळं दिसतं. मी पेज आणली आहे. माझ्या चुलीवरची, मीच केलेली. टोप तुमचाच, परत द्यायचा राहिला होता. ज्यानं तिची पेज ओतली, त्याच्या हातचं खायचं का, असं तुला वाटेल. संशय घ्यायचा तुला पूर्ण हक्क आहे. म्हणून सगळ्यांसमोर पहिला चमचा मी घेतो.

मीठ बघतंय हां, दादा.

मंडळी, उभे राहा. रोझबायसाठी. इनासदादा पहिला घास घेईपर्यंत कोणी काही बोलू नका.