दोन रेषांमधलं अंतर

आजच्या निवृत्ती समारंभाचे अध्यक्ष, आदरणीय मुख्य अभियंता साहेब, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, सत्कारमूर्ती आमच्या बाई, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या सूनबाई, आणि चहा आल्याशिवाय हलायचं नाही असा निर्धार केलेल्या माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

नकाशा विभागातर्फे मी दोन शब्द बोलावेत, असं ठरलं आहे. दोनाचे चार झाले तर साहेबांनी खुशाल घंटा वाजवावी.

पाण्याच्या पाइपलाइनी डोंगरातून न्यायच्या, म्हणून बाईंनी चौथ्या मजल्यावर बसून एकतीस वर्षं डोंगर कागदावर काढले. उंची दाखवणाऱ्या त्या वळणावळणाच्या रेषा, ज्यांना आम्ही कंटूर म्हणतो, त्या काढाव्यात तर बाईंनीच. पण एवढे डोंगर काढणाऱ्या बाई चढल्या किती? कुणी विचारलंत कधी? मी विचारलं होतं. एकही नाही. आधी मुलगा लहान, मग सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. "निवृत्त झाले की एक खराखुरा, बर्फाचा डोंगर चढणार," त्या म्हणाल्या, "परदेशातला. मग बघू कोण अडवतं ते."

तर गेले आठ महिने आमची तयारी चालली आहे. आम्ही चौघं: बाई, सूनबाई, आवक-जावक विभागातले तात्या आणि मी. पाठीवरच्या पिशव्यांत जुन्या फायली भरून आम्ही रोज जिने चढायचो. रेकॉर्ड पळवतोय की काय, म्हणून चौकीदाराने दोनदा गेटपास मागितला. तात्यांनी तर नवे बूट सैल व्हावेत म्हणून ते महिनाभर ऑफिसात घातले. तात्या, हसू नका, तुमच्या चालण्याने आमच्या टेबलावरची शाई हलायची.

बाईंच्या गुडघ्याचं दुखणं जुनं. डॉक्टरांनी बजावलं होतं, एका दिवसात सातशे मीटरपेक्षा जास्त चढायचं नाही. म्हणून वाट निवडायचं काम माझ्याकडे आलं. परदेशातून नकाशा मागवला, भिंग घेऊन बसलो, मुक्कामाच्या निवाऱ्यापासून शिखरापर्यंतच्या रेषा मोजल्या. साठ भरल्या. म्हणजे सहाशे मीटर. बाईंना बसलं की व्यवस्थित!

नकाशा विभागातल्या लोकांना एव्हाना माझी चूक कळली असेल. इतरांसाठी सांगतो. आपल्या ऑफिसच्या नकाशात दोन रेषांमध्ये दहा मीटर असतात. त्या नकाशात वीस होते. कोपऱ्यात तसं छापलेलंही होतं. पण पंधरा वर्षं दहानेच मोजणारा माणूस कोपऱ्यात कशाला बघतो? चढ सहाशेचा नव्हता, बाराशेचा होता. आपल्याकडे दुसऱ्याने तपासून सही केल्याशिवाय साधा नळाचा नकाशाही बाहेर जात नाही. हा मात्र घरचा म्हणून तसाच राहिला.

गेल्या महिन्यात बाईंनी डब्याच्या सुट्टीत तो सहज उघडला, कोपरा वाचला आणि घडी घालून परत ठेवला. संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना सांगितलं की गुडघा फारच कुरकुरतोय, मी खाली निवाऱ्यात थांबेन, तुम्ही तिघं वर जाऊन या. तात्यांनी त्यांची थट्टाही केली. माझं नाव कुठेच आलं नाही. मी एकटा मागे राहिलो तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "चूक दुरुस्त कर आणि गप्प बस. उगाच बोभाटा नको."

आठ महिने जिने चढलेल्या बाईंनी माझी लाज झाकायला स्वतःचा डोंगर सोडून दिला. घरी जाऊन मला जेवण गेलं नाही, हे आज सांगायला हरकत नाही. बाई, तुमचं पहिलं ऐकलं. दुसरं आज भर सभेत मोडतोय.

मंडळी, त्या शिखराला पश्चिमेकडूनही वाट आहे. लांबची आहे, पण मध्ये आणखी एक निवारा आहे. पहिल्या दिवशी पाचशे ऐंशी मीटर, दुसऱ्या दिवशी सहाशे वीस, आणि उतरायलाही तसेच दोन दिवस. सूनबाई हा कागद घेऊन डॉक्टरांकडे जाऊन आल्या. त्यांनी हो म्हटलं, काठ्या मात्र दोन घ्यायला सांगितल्या. त्या निवाऱ्यात चार खाटा आपल्या नावावर आहेत. वाढीव दिवसांची आमची रजा साहेबांनी आज सकाळी मंजूर केली.

बाई, नकारार्थी मान हलवू नका, मला इथून दिसतंय. तुम्ही येणार नसाल तर आम्हीही जाणार नाही, असं तिघांचं ठरलं आहे. धमकी समजा हवं तर. तात्या, तो नकाशा बाईंच्या समोर ठेवा. रेषा मी तीनदा मोजल्या आहेत, वीसच्या हिशेबाने. तपासणाऱ्याच्या सहीची जागा कोरी आहे.

अध्यक्ष महाराज, आपण घंटा वाजवली नाहीत, आपले आभार. पाहुण्यांचे आणि आपणा सर्वांचेही आभार. माझ्या बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. बाई, तुम्ही मात्र काही पोटात घालू नका. भिंग घ्या, आणि एकेक रेष मोजा.