चपला बाहेर काढायच्या!

...आणि चपला बाहेर काढायच्या! देवळात नव्हे हो, कॉलेजात! कॉम्प्युटर बघायला! तुम्हाला सांगतो, मोठ्या साहेबाच्या केबिनमध्ये गेलोय, मॅनेजरच्या गालिच्यावरून चाललोय, कुणाची हिंमत झाली नाही म्हणायची की, 'नाना, चपला काढा.' आणि इथं...

पण गोष्ट माझी नाही, काशीरामची. आमच्या विक्रोळीच्या चाळीतला शेजारी, मूळचा मालवणकडचा. कारखान्यात सव्वीस वर्षं लेथवर. मशीन नुसतं खोकलं तरी हा सांगणार कुठलं बेअरिंग गेलं ते. तर त्याची लेक मीरा बारावीला अशी झकास पास झाली की कॉम्प्युटरच्या डिग्रीला दोन-दोन कॉलेजांत नंबर लागला! चौऱ्याऐंशी साल हे! अख्ख्या चाळीत कॅल्क्युलेटर एक, तो माझा, आणि तोही उन्हात धरला तरच चालणारा! एक कॉलेज टाउनात, दगडी, नावाजलेलं. दुसरं अंधेरीला, नवं, वर पत्रा. शनिवारच्या आत एका ठिकाणी फी भरायची, नाहीतर दोन्ही जागा गेल्या. तुम्ही काय केलं असतं? चौकशी केली असती ना? काशीरामनं काय केलं? गावी कौल लावला!

म्हणजे कसं, देवाच्या अंगावर पाकळ्या लावायच्या, गुरवानं गाऱ्हाणं घालून विचारायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. विहीर असो, लग्न असो, सगळं कौलावर. भावाला, गुणाजीला, पत्र गेलं, आणि गुरुवारी उत्तर आलं. काय? 'पाच वेळा पाकळ्यो लावल्यो, एकव हलाक नाय. गुरव म्हणता, देवाक प्रश्नच कळाक नाय. कॉम्प्युटर म्हणजे काय तां आधी कळव.'

घ्या! आता देवाला कळवायचं तर आधी ह्याला नको कळायला? "नाना, मशीन बघल्याशिवाय मी फी भरूचंय नाय. तुमी चला, इंग्रजी बोलाक." शुक्रवारी रजा टाकून निघाली वरात! काशीराम, त्याची बायको रुक्मिणीवहिनी, मीरा आणि मी. काशीरामच्या पिशवीत नारळ. म्हटलं, हा कशाला? "आसूंदे."

टाउनात पोचलो. लांबलचक व्हरांडा, आणि शेवटी पाटी... चपला बाहेर काढायच्या! धूळ चालत नाही म्हणे त्याला. काढल्या. आत गेलो तर मोठी काच, काचेपलीकडे थंडगार खोली, आणि त्या खोलीत... अहो काय सांगू! कपाटांसारखी पाच कपाटं, त्यांवर दिवे लुकलुकतायत, चाकं गर्रकन फिरतायत, मध्येच थांबतायत, जणू विचार करतायत! मी तरी कशाला खोटं बोलू, माझेही हात जोडले गेले.

काशीरामनं काचेला कान लावला. "आवाज नाय. बंद पडलां?"

तिथले सर म्हणाले, "चालू आहे."

"मगे तेल खंय घालतत?"

सरांनी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. मग बिचाऱ्यांनी समजावलं. मुलांनी प्रश्न भोकं पाडलेल्या कार्डांवर लिहायचा, कार्डं खिडकीत द्यायची, आतला माणूस ती मशिनीत घालणार, दुसऱ्या दिवशी उत्तर. एक स्वल्पविराम राहिला तरी सगळं परत!

काशीराम उडालाच! "गाऱ्हाण्यात एका देवाचां नाव घेवचां रवलां तर कौल मिळणा नाय, तसांच!"

मीरा हसली. "बाबा, आतूनही तसंच आहे. त्याला दोनच गोष्टी कळतात. हो किंवा नाही."

"उजवो... डावो... आणि तेवढ्यार ह्यां सगळां चलता?"

"तेवढ्यावर रॉकेट उडतं, बाबा."

तुम्हाला सांगतो, तो माणूस थिजला! सव्वीस वर्षं लोखंड कातलेला माणूस, डोळ्यांत पाणी आणून काचेपुढं उभा. मग एकदम म्हणाला, "ठरलां! हयसरच!" आणि मीराचा चेहरा पडला. म्हणाली, "बाबा, अंधेरीचं तरी बघा ना." बापाचा जीव, नाही म्हणवेना. गेलो. पत्र्याची खोली, आणि दाराशी काय? पाटी! चपला बाहेर काढायच्या!

काशीरामनं दारातूनच आत बघितलं. ना काच, ना कपाटं. टेबलावर एक इवलंसं खोकं. "ह्यो तर टीव्ही! खंय तो गाभारो आणि खंय ह्यां!" वळला की हो मागे!

मीरानं वाट अडवली. "बाबा, तिथं मी सगळी वर्षं खिडकीत कार्डं देणार. विचारणार आतला माणूस. इथं मी स्वतः विचारणार."

"म्हणान गाभारो सोडूचो?"

आणि तेव्हा रुक्मिणीवहिनी बोलल्या. इतक्या वर्षांत मी त्यांचा आवाज भिंतीपलीकडूनसुद्धा ऐकला नव्हता! "लगीन होवन इलंय तेवापास्ना गाभाऱ्याच्या भायर उभी आसंय. माझो प्रश्न गुरवान विचारलो, तुमी विचारलात. मी कधी विचारलंय? ह्यां माझां चेडू तरी भितूर जांवदे."

काशीराम स्वतःच्या पायांकडे बघत राहिला. मग ऑफिसात गेला आणि फी भरून आला. नारळ शिपायाच्या हातात ठेवला.

तोवर तिथं शिकवणाऱ्या सुलक्षणा मॅडमनी मीराला खुर्चीवर बसवलं, वहिनींनाही हाताला धरून आत नेलं. मीरानं काहीतरी टकटक केलं, आणि पडदाभर हिरवी अक्षरं! वरपासून खालपर्यंत एकच शब्द. वहिनी विचारतात, "ह्यां काय गे?" मीरा म्हणाली, "तुझं नाव, आई."

मी आतून हाक मारली, "अरे काशीराम, ये ना! बघ तरी!" तो दाराबाहेर, चपलांजवळ उभा. "नको नाना. कोणीतरी भायर रवाक व्हया. इतकी वर्सां ती रवली, आता माझी पाळी. मी चपलो सांभाळतंय."

सांभाळतो म्हणे! डोळे भरलेले, लक्ष सगळं दाराच्या फटीत, आणि तेवढ्यात कुत्रं आलं आणि नेमकी माझीच कोल्हापुरी उचलून पळालं! अंधेरीहून विक्रोळीला अनवाणी आलो हो! घरी सौभाग्यवती विचारते, चपला कुठायत? आता काय सांगणार... म्हटलं, देवदर्शनाला गेलो होतो, तिथं जायच्याच!